एन्जिनएक्सचा ॲक्सेस लॉग स्वतःच्या साच्यात: पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

दिवाळी अंकांची ऑनलाइन मागणी नोंदवणारी एक साइट मी सांभाळत होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री नऊला फोन आला, "पैसे भरायच्या पानावर नुसतं गोल गोल फिरतंय." सर्व्हरवर शिरून ॲक्सेस लॉग उघडला, म्हणजे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर दर रिक्वेस्टला एक ओळ लिहितो ती फाइल. ओळींमागून ओळी, आणि जिकडेतिकडे २००, म्हणजे 'उत्तर नीट दिलं' असा आकडा. लॉगच्या मते सगळं आलबेल होतं. पान अर्ध्या सेकंदात गेलं की चाळीस सेकंदांनी, हे त्या ओळींत कुठेच नव्हतं. दोन तास चाचपडण्यात गेले. शेवटी लॉगच्या ओळीत काय छापायचं ते ठरवणाऱ्या साच्यात वेळेची दोन नावं घातली आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत कळलं, की पैसे भरल्यावर पावतीची पीडीएफ तयार होते तिथं सगळं अडकत होतं.

तेव्हापासून कुठलाही नवा सर्व्हर हाती आला की मी पहिलं काम लॉगचं करते. तुम्ही हे पहिल्यांदाच करत असाल तर पुढच्या पायऱ्या क्रमानं करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. इथं सूचनांची आणि चलांची (म्हणजे $ लावलेल्या, रिक्वेस्टगणिक किंमत बदलणाऱ्या शब्दांची) नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे तोंडानं म्हणतो तशी. फाइलीत ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, अंडरस्कोरसकट लिहायची. 'ॲड्र' असं दिसेल तिथं ॲड्रेसची पहिली चारच अक्षरं आहेत, पूर्ण शब्द लिहिलात तर चालणार नाही.

आधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर एसएसएच प्रवेश (दुरून आज्ञा देण्यासाठी) आणि सुडोचा, म्हणजे व्यवस्थापकाचा, अधिकार
- एन्जिनएक्सची आवृत्ती १.११.८ किंवा त्यापुढची. जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) साच्याची सोय तिथून आली. 'एन्जिनएक्स -व्ही' म्हटलं की आवृत्ती दिसते, तेच व्ही मोठ्या लिपीत दिलं तर कोणकोणते मॉड्यूल आत आहेत तेही दिसतं
- सध्याच्या कॉन्फिग फाइलींची प्रत. सगळं फोल्डर उचलून बाजूला ठेवा
- जेक्यू हे छोटं साधन, लॉग वाचायला
- डिस्कवर किती जागा शिल्लक आहे तो आकडा, कागदावर लिहून

१. साचा लिहिण्याआधी प्रश्न लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि कुठून तरी वीस चलांचा साचा उचलून चिकटवतात. मग फाइल फुगते आणि हवी ती गोष्ट तरीही सापडत नाही. कागद घ्या आणि काही बिघडलं की तुम्हाला लोक नेमकं काय विचारतात ते लिहा. माझ्या कागदावर पाच प्रश्न होते: कोणतं पान मंद आहे? मंदपणा आमच्या प्रोग्रॅमचा की ग्राहकाच्या नेटवर्कचा? चूक एकालाच येतेय की सगळ्यांना? एकाच ठिकाणाहून भडिमार होतोय का? तक्रार करणाऱ्याची नेमकी रिक्वेस्ट कोणती? साच्यातलं प्रत्येक चल यापैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर देत असेल तरच ठेवायचं.

२. मूळ साच्यात काय असतं ते बघा

तुम्ही काहीच सांगितलं नाही तर एन्जिनएक्स 'कम्बाइन्ड' नावाचा साचा वापरतो. त्यात ग्राहकाचा आयपी, लॉगिनचं नाव (बहुधा नुसती रेघ), स्थानिक वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, स्टेटस, पाठवलेले बाइट, कुठल्या पानावरून आला तो पत्ता आणि ब्राउझरची ओळख, एवढंच येतं. काळ मोजणारं त्यात काहीच नाही. फाइल बहुतेक वेळा /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/ॲक्सेस.लॉग इथं असते. तिच्यातल्या शेवटच्या दहा ओळी एकदा डोळ्यांखालून घाला.

३. नवा साचा लिहा

साच्याची सूचना आहे 'लॉग_फॉरमॅट', आणि ती फक्त एचटीटीपीच्या कंसात, म्हणजे कॉन्फिगमधल्या सगळ्या साइटना लागू होणाऱ्या महिरपी कंसात, चालते. त्याच्या आतल्या, एकेका साइटच्या 'सर्व्हर' कंसात घातलीत तर एन्जिनएक्स चूक दाखवतो. डेबियन-उबुंटूवर 'कॉन्फ.डी' या फोल्डरमधल्या फाइली आपोआप एचटीटीपीच्या कंसात ओढल्या जातात, म्हणून मी तिथं एक वेगळी फाइल करते आणि तिच्या नावाची सुरुवात ०० नं करते. कारण असं, की साचा आधी वाचला गेला पाहिजे आणि वापर नंतर. क्रम उलटा झाला तर 'असा साचा माहीत नाही' अशी तक्रार येते आणि माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो.

माझा साचा असा:

लॉग_फॉरमॅट सविस्तर एस्केप=जेसन
'{"टाइम":"$टाइम_आयएसओ८६०१",'
'"आयडी":"$रिक्वेस्ट_आयडी",'
'"आयपी":"$रिमोट_ॲड्र",'
'"मेथड":"$रिक्वेस्ट_मेथड",'
'"होस्ट":"$होस्ट",'
'"पाथ":"$फक्त_रस्ता",'
'"स्टेटस":"$स्टेटस",'
'"बाइट":$बॉडी_बाइट्स_सेंट,'
'"आरटी":$रिक्वेस्ट_टाइम,'
'"यूआरटी":"$अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम",'
'"मागचा":"$अपस्ट्रीम_ॲड्र",'
'"एजंट":"$एचटीटीपी_यूजर_एजंट"}';

'फक्त_रस्ता' हे मी बनवलेलं चल आहे, ते सहाव्या पायरीत येईल. ते तयार होईपर्यंत त्या जागी '$रिक्वेस्ट_यूआरआय' ठेवा, नाहीतर चाचणीत अडाल.

आता अवतरणचिन्हांकडे नीट बघा. बाइट आणि आरटी यांना ती नाहीत, कारण तिथं कायम आकडाच येतो. यूआरटीला मात्र आहेत. रिक्वेस्ट मागच्या प्रोग्रॅमकडे (एन्जिनएक्सच्या मागे बसून पान तयार करणाऱ्या) गेलीच नाही, उदाहरणार्थ चित्राची फाइल थेट डिस्कवरून दिली, तर ते चल रिकामं असतं. जेसनच्या साच्यात रिकामं म्हणजे खरोखर काहीच नाही, साध्या साच्यात येते तशी रेघही नाही. अवतरणं नसतील तर कोलनपुढे थेट स्वल्पविराम येतो आणि ती ओळ जेसन म्हणून मोडते. दुसरंही कारण आहे: एन्जिनएक्सनं एका मागच्या सर्व्हरकडे प्रयत्न करून मग दुसरा गाठला असेल तर या एकाच चलात '०.००२, १.८४०' असे दोन आकडे येतात.

'एस्केप=जेसन' विसरू नका. ब्राउझरच्या ओळखीत कुणी मुद्दाम अवतरणचिन्ह घातलं तरी ओळ मोडत नाही, ती या शब्दामुळे. मराठी साइट असेल तर आणखी एक फायदा. नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक बाइट तिरकी रेघ आणि एक्स लावून लिहिला जातो, एका अक्षरचिन्हाचे तीन बाइट, म्हणजे बारा खुणा. जेसनच्या पद्धतीत तीच अक्षरं जशीच्या तशी उतरतात. फक्त पत्त्यातली देवनागरी ब्राउझरकडूनच टक्क्याच्या चिन्हांत बदलून येते, 'मराठी' या शब्दाच्या पंचेचाळीस खुणा होतात. '$रिक्वेस्ट_यूआरआय' त्यांना हात लावत नाही. पायथनच्या 'अनकोट' फंक्शननं त्या वाचताना परत सोडवता येतात.

४. साचा जोडा, तपासा, मग रीलोड

तुमच्या साइटच्या सर्व्हर कंसात:

ॲक्सेस_लॉग /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/साइट.लॉग सविस्तर;

मग 'सुडो एन्जिनएक्स -टी'. चाचणी पास झाली तरच 'सुडो एन्जिनएक्स -एस रीलोड'. रीस्टार्ट नको, रीलोडमध्ये चालू रिक्वेस्ट तुटत नाहीत.

इथं दोन फसव्या जागा आहेत. पहिली: आतल्या कंसात 'ॲक्सेस_लॉग' लिहिलं की वरच्या कंसातलं रद्द होतं, दोन्हीकडे लिहिलं जात नाही. दोन्ही फाइली हव्या असतील तर दोन्ही ओळी एकाच कंसात एकाखाली एक द्या. दुसरी: रिक्वेस्ट ज्या लोकेशनमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीच्या आतल्या कंसात) संपते तिथल्या नियमानं ती नोंदली जाते. 'ट्राय_फाइल्स'मुळे पत्ता फिरून पीएचपीच्या लोकेशनमध्ये गेला, तर सुरुवातीच्या लोकेशनमध्ये तुम्ही दिलेली लॉगची ओळ लागूच होत नाही. वर्डप्रेसच्या जवळपास प्रत्येक साइटवर हे घडतं.

५. दोन वेळा शेजारी ठेवून वाचायला शिका

'रिक्वेस्ट_टाइम' म्हणजे ग्राहकाकडून पहिला बाइट आल्यापासून त्याला शेवटचा बाइट पाठवून नोंद करेपर्यंतचा काळ, सेकंदांत, तीन दशांशांपर्यंत. 'अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम' म्हणजे तुमच्या मागच्या प्रोग्रॅमनं उत्तर द्यायला घेतलेला काळ. दोन्ही मोठे, समजा ३८.२१० आणि ३८.१९४, तर दोष प्रोग्रॅमचा किंवा डेटाबेसचा. पहिला ३८.२१० आणि दुसरा ०.१२०, तर तुमचा प्रोग्रॅम केव्हाच मोकळा झाला होता, उरलेला वेळ डेटा ग्राहकापर्यंत पोचण्यात गेला. घाटातून एसटीत बसून कुणी मोबाइलवर साइट उघडली की नेमकी अशी ओळ दिसते. अशा वेळी प्रोग्रॅमरला झोपेतून उठवू नका, पान किती जड आहे ते बघा.

स्टेटस ४९९ दिसला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हा आकडा एन्जिनएक्सचा स्वतःचा आहे: उत्तर मिळायच्या आत ग्राहकानंच जोडणी तोडली. त्या दिवाळीच्या रात्री लॉगमध्ये २०० च्या मध्ये अधूनमधून ४९९ होते. माणसं कंटाळून पान बंद करत होती आणि मी त्या ओळी बिनमहत्त्वाच्या समजून सोडून दिल्या. आज मी सगळ्यात आधी त्याच मोजते.

'रिक्वेस्ट_आयडी' ही प्रत्येक रिक्वेस्टची बत्तीस खुणांची ओळख. ती हेडरमधून मागच्या प्रोग्रॅमला द्या आणि त्याच्या लॉगमध्येही छापायला लावा. 'काहीतरी चुकलं' असं सांगणाऱ्या पानावर ती बारीक अक्षरांत दाखवली तर ग्राहक फोनवर पहिली सहा अक्षरं वाचून दाखवतो आणि तुम्ही थेट त्या ओळीवर पोचता. पाचव्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर मिळतं.

६. जे लिहू नये ते लिहू नका

कुणीतरी फॉर्म 'गेट' पद्धतीनं पाठवला की पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे मोबाइल नंबर, ओटीपी, पासवर्ड बदलण्याचा टोकन असं काहीही येतं आणि लॉगमध्ये कायमचं बसतं. तो लॉग बॅकअपमध्ये जातो, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जातो. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती अशी सांडणं मला मान्य नाही, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तेच सांगतो. म्हणून प्रश्नचिन्हाच्या आधीचाच भाग ठेवा:

मॅप $रिक्वेस्ट_यूआरआय $फक्त_रस्ता {
"~^(?<रस्ता>[^?]*)" $रस्ता;
}

हाही एचटीटीपीच्या कंसात. यासाठी सरळ '$यूआरआय' का नाही, असं वाटेल. त्यातही प्रश्नचिन्हापुढचं नसतं, पण पत्ता आतल्या आत फिरला की ते चल बदलतं आणि सगळ्या ओळींत 'इंडेक्स.पीएचपी' एवढंच दिसतं. आधीच्या पानाचा पत्ता, म्हणजे रेफरर, मी साच्यात घेतलेला नाही, त्यातूनही तेच टोकन गळतात. कुकी आणि ऑथरायझेशन हे हेडर तर कधीच नाही.

नको त्या ओळींचा दुसरा प्रकार म्हणजे आरोग्य-तपासणीच्या. लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा) दर पाच सेकंदांनी 'जिवंत आहेस का' विचारतो, म्हणजे दिवसाला १७,२८० ओळी, एकाच तपासणीच्या. ते लोकेशन 'ॲक्सेस_लॉग ऑफ' करणं सोपं आहे, पण मग तपासणी नापास झाल्याची ओळही जाते. मी फक्त पास झालेल्या गाळते:

मॅप "$फक्त_रस्ता:$स्टेटस" $लिहायचं {
"/हेल्थ:२००" ०;
डीफॉल्ट १;
}

आणि लॉगच्या ओळीच्या शेवटी 'इफ=$लिहायचं'. किंमत शून्य किंवा रिकामी असेल तर ओळ लिहिली जात नाही. यशस्वी रिक्वेस्ट सरसकट गाळायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो, तो घेऊ नका. मंद पानांचाही स्टेटस २०० च असतो.

७. ग्राहकाचा खरा आयपी

पुढे लोड बॅलन्सर किंवा सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून साइट पोचवणारं जाळं) असेल तर सगळ्या ओळींत त्याचाच आयपी दिसेल. रिअल-आयपी मॉड्यूल त्यासाठी आहे: 'सेट_रिअल_आयपी_फ्रॉम' मध्ये तुमच्या लोड बॅलन्सरचा पत्ता आणि 'रिअल_आयपी_हेडर' मध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर. पहिल्या सूचनेत सगळ्या जगाची रेंज टाकू नका. तसं केलं तर कुणीही खोटा हेडर पाठवून हवा तो आयपी तुमच्या लॉगमध्ये लिहू शकतो.

८. लिहिण्याचा खर्च कमी करा

एरवी प्रत्येक रिक्वेस्टला फाइलीत एकदा लिहिलं जातं. वर्दळ वाढली की हे साठवून एकदम लिहिणं बरं:

ॲक्सेस_लॉग /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/साइट.लॉग सविस्तर बफर=६४के फ्लश=५एस इफ=$लिहायचं;

ओळ साधारण तीनशे बाइटची धरली तर चौसष्ट किलोबाइटमध्ये दोनशेच्या वर ओळी मावतात. म्हणजे दोनशे वेळा डिस्कचं दार ठोठावण्याऐवजी एकदाच.

'फ्लश' कधीही गाळू नका. तो नसेल तर बफर भरेपर्यंत काहीच लिहिलं जात नाही. कमी वर्दळीच्या साइटवर तासभर फाइल हलत नाही आणि नवखा माणूस लॉग बंद पडला समजून सगळं परत उलटं करतो. फ्लश असला तरी 'टेल' (फाइलीच्या शेवटी येणाऱ्या ओळी दाखवणारी आज्ञा) लावून बघताना ओळी पाच-पाच सेकंदांनी झुंडीनं येतात, ते बरोबरच आहे. प्रत्येक वर्करचा, म्हणजे एन्जिनएक्सच्या कामकरी प्रोसेसचा, बफर वेगळा असतो, म्हणून ओळींचा क्रमही थोडा पुढेमागे होतो. क्रम लावायचा तर वेळेच्या रकान्यावर लावा. प्रोसेस अचानक मेली तर बफरमधल्या ओळी जातात, हा सौदा समजून घेऊन करा. पैशांच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून ॲक्सेस लॉगवर विसंबू नका.

आणखी दोन अडचणी. एकच फाइल दोन ठिकाणी वेगवेगळ्या बफरनं दिली तर चाचणीतच चूक येते. आणि फाइलीच्या नावात चल घातलं, समजा प्रत्येक होस्टची वेगळी फाइल, तर बफर चालतच नाही. दहा साइट असतील तर दहा ओळी हातानं लिहा.

बफरबरोबर 'जीझिप' देऊन थेट दाबलेली फाइल लिहिता येते. नवख्यांनी त्यात पडू नये, दाबण्याचं काम पुढची पायरी करते.

९. लॉग फिरवणं आणि किती दिवस ठेवायचा

दिवसाला दहा लाख रिक्वेस्ट आणि तीनशे बाइटची ओळ, म्हणजे रोज तीनशे एमबी. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा आणि कागदावरच्या मोकळ्या जागेशी ताडून बघा.

डेबियन-उबुंटूच्या पॅकेजबरोबर लॉगरोटेटची (जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करणाऱ्या साधनाची) फाइल येते, /ईटीसी/लॉगरोटेट.डी/एन्जिनएक्स. ती रोज फाइल फिरवते आणि चौदा प्रती ठेवते. भारतात साइट चालवणाऱ्या कंपन्यांना हे पुरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सर्व्हरचं घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवलेलं असावं लागतं. म्हणून 'रोटेट' चा आकडा वाढवा, 'कम्प्रेस' राहू द्या, जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवायची सोय करा.

फाइलीचं नाव बदललं तरी एन्जिनएक्स जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. त्याला 'एन्जिनएक्स -एस रीओपन' म्हणून सांगावं लागतं, आणि हे काम लॉगरोटेटच्या 'पोस्टरोटेट' भागात होतं. तो भाग खोडू नका. एका ठिकाणी सहकाऱ्यानं डिस्क भरली म्हणून मोठा लॉग सरळ 'आरएम' नं उडवला. फाइल दिसेनाशी झाली, पण डिस्क भरलेलीच. डिस्क किती भरली ते सांगणारा 'डीएफ' म्हणे शंभर टक्के, दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारा 'डीयू' म्हणे अर्धीच. फाइल एन्जिनएक्सच्या हातात उघडी होती, म्हणून जागा सुटत नव्हती. 'एलएसओएफ +एल१' नं अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतात, रीओपन केलं की जागा लगेच मोकळी होते.

१०. दोन दिवसांनी लॉग वाचा

एकदा प्रत्येक ओळ जेसन म्हणून वाचता येते का ते बघा: 'जेक्यू' ला पूर्ण फाइल द्या, मोडकी ओळ आली की तो तिथंच थांबतो आणि ओळीचा आकडा सांगतो. मग आरटी दोन सेकंदांपेक्षा जास्त असलेल्या ओळी निवडा, त्यांचा पाथ काढा आणि 'सॉर्ट', 'युनिक -सी', पुन्हा 'सॉर्ट -आरएन' मधून जाऊ द्या. सगळ्यात जास्त वेळा मंद झालेली पानं वरून खाली उतरत्या क्रमानं समोर येतात. यूआरटीवर निवड करायची असेल तर आधी 'टूनंबर' लावा, कारण तो मजकूर आहे आणि मजकुराच्या तुलनेत '१०.२' हा '९.१' पेक्षा लहान ठरतो. रिकाम्या आणि स्वल्पविरामवाल्या ओळी त्याआधी बाजूला काढाव्या लागतात, नाहीतर जेक्यू तिथं अडतो.

माझ्या त्या साइटवर या यादीत पहिलंच नाव पावतीच्या पानाचं होतं. पावती बनवण्याचं काम पान दाखवून झाल्यावर मागाहून करायला लावलं आणि त्या ओळीतली आरटी ३८ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदाच्या आत आली.